ग्लॅडिओलसची लागवड : आधी कुंडीत, मग शेतात

फुलशेतीकडे वळू पाहणाऱ्या शेतकऱ्यापुढे जी पिके ठेवली जातात, त्यांत ग्लॅडिओलसचे नाव बहुधा असतेच. तलवारीच्या पात्यासारखी सरळ पाने, त्यांतून वर येणारा हातभर उंचीचा दांडा आणि त्यावर खालून वर क्रमाने उमलत जाणारी मोठी, रंगीत फुले यांमुळे हे झाड पाहताक्षणी मनात भरते. याचे नावही तलवार या अर्थाच्या लॅटिन शब्दावरूनच पडले आहे. झेंडू, शेवंती किंवा निशिगंध यांच्या जोडीला हे एक नवे पीक घ्यावे, असे शेतकऱ्यास वाटल्यास त्यात नवल नाही. परंतु या पिकाच्या बाबतीत एक गोष्ट मला आग्रहाने सांगावीशी वाटते. ज्याने हा कंद पूर्वी कधी हाताळलेला नाही, त्याने तो प्रथम शेतात लावू नये. दोन हंगाम कुंडीत लावावा, आणि मगच गुंठ्यांचा किंवा एकराचा विचार करावा.

कुंडी म्हटले की ती शहरातील सज्जात किंवा बंगल्याच्या पायरीवर ठेवावयाची वस्तू, असा आपल्याकडे समज आहे. कुंडीतील फुलझाडे ही हौसेची बाब आणि विस्तार कार्यकर्त्याचे काम मात्र शेताच्या बांधावर, अशी वाटणीही आपण मनात करून टाकलेली असते. पुष्कळ पिकांच्या बाबतीत ती बरोबरही असेल. परंतु जी फुलझाडे कंदापासून वाढतात, त्यांच्या बाबतीत ही वाटणी नुकसानीची आहे. ती का, हे समजण्यासाठी प्रथम हा कंद काय वस्तू आहे, ते पाहिले पाहिजे.

कंद आणि कंद यांत फरक

कांदा मधोमध कापला तर एकावर एक पापुद्रे दिसतात. ते पापुद्रे म्हणजे अन्न साठविलेली पानेच होत. ग्लॅडिओलसचा कंद कापला तर आत पापुद्रे नसतात. बटाट्यासारखा भरीव, पांढरट किंवा पिवळसर गर दिसतो. वरचे वाळके आवरण काढले की त्याच्यावर आडव्या कड्या आणि त्या कड्यांवर बसलेले डोळे दिसतात. हा खोडाचाच जमिनीत राहणारा, फुगलेला भाग होय. वनस्पतिशास्त्रात यास घनकंद म्हणतात. सुरणाचा गड्डा आणि अळूच्या अळकुड्या या याच जातीच्या वस्तू असल्याने आपल्या शेतकऱ्यास त्या अगदीच अपरिचित नाहीत.

या घनकंदाचा एक विशेष असा की, तो एकदाच उपयोगी पडतो. आपण लावलेला कंद कोंब वर पाठवितो, मुळे सोडतो, आणि हे करता करता स्वतः रिता होत जातो. दरम्यान कोंबाच्या तळाशी, म्हणजे जुन्या कंदाच्या डोक्यावर, नवा कंद आकार घेऊ लागतो. हंगाम संपल्यावर झाड उपटून पाहिले, तर खाली सुरकुतलेली, वाळलेली चकती व तिच्यावर बसलेला ताजा कंद असे दोन्ही एकत्र दिसतात. या दोहोंच्या सांध्यापाशी हरभऱ्याएवढ्या, वाटाण्याएवढ्या अनेक कंदिका लागलेल्या असतात. त्यांची संख्या जातीप्रमाणे कमीअधिक असते. या कंदिकांपासून फुलण्याजोगा कंद तयार होण्यास साधारणतः दोन हंगाम लागतात.

याचा अर्थ शेतकऱ्याने नीट मनात धरावा. निशिगंधाचा ताटवा एकदा लावला की दोन-तीन वर्षे त्याच जागी राहतो. ग्लॅडिओलसचे तसे नाही. आपल्याकडे तो दरवर्षी काढावा लागतो, सुकवावा लागतो, उन्हाळ्यात सांभाळावा लागतो आणि पुन्हा लावावा लागतो. आपण विकत घेतलेला कंद पहिल्या हंगामातच संपतो. पुढील वर्षी आपल्या हाती जो राहतो, तो आपण स्वतः तयार केलेला कंद.

पहिल्या वर्षीचे फूल कोणाच्या कष्टाचे?

चार ते पाच सेंटीमीटर व्यासाचा, निरोगी आणि विश्रांती पुरी झालेला कंद विकत आणून बऱ्यापैकी जमिनीत लावला, वेळेवर पाणी दिले, तर जातीनुसार दोन ते साडेतीन महिन्यांत त्याला दांडा येतो. शेतकरी आनंदतो, शेजारी पाहावयास येतात, आणि पीक साधले असा सर्वांचाच समज होतो. परंतु दांडा किती लांब निघावा व त्यावर किती फुले यावीत, हे फार मोठ्या प्रमाणात कंदाच्या आकारावर आणि आरोग्यावर ठरते. आणि तो कंद तर रोपवाटिकेने पोसलेला असतो. पहिल्या वर्षीच्या फुलाचे निम्मे श्रेय त्यामुळे कंद विकणाऱ्याकडे जाते. खरी परीक्षा दुसऱ्या वर्षी होते. आपण काढलेला, आपण साठविलेला कंद जेव्हा तसाच दांडा देतो, तेव्हाच हे पीक आपल्याला साधले असे म्हणता येईल.

व्यवहाराच्या भाषेत सांगावयाचे तर फूल हे व्याज आहे व कंद हे मुद्दल. ज्या शेतकऱ्याचा कंद दरवर्षी लहान होत जातो, किंवा साठवणीत कुजून जातो, तो व्याजाबरोबर मुद्दलही खर्च करीत असतो. पहिल्या वर्षाच्या विक्रीच्या आनंदात ही गोष्ट त्याच्या ध्यानी येत नाही. दुसऱ्या वर्षी पुन्हा कंद विकत घेण्याची वेळ येते, तेव्हा हिशेब उलगडतो.

हा हिशेब लहान नाही. शेतात ग्लॅडिओलसची लागवड शिफारशीप्रमाणे केली असता हेक्टरी सव्वा ते दीड लाख कंद लागतात. म्हणजे एकरी सुमारे ५० ते ६० हजार. एका कंदामागे एक रुपया जरी अधिक मोजावा लागला, तरी एकराच्या खर्चात पन्नास हजारांची भर पडते. बियाण्याच्या पिशवीवर होणारा खर्च आणि कंदावर होणारा खर्च यांची जातच वेगळी आहे. एवढे भांडवल जमिनीत पुरण्यापूर्वी ते जमिनीतून परत काढण्याची विद्या हाती असणे आवश्यक आहे. आणि ही विद्या शिकण्यास कुंडीसारखी स्वस्त शाळा नाही.

कुंडी उपडी करता येते

१९५२ साली सामूहिक विकास योजना सुरू झाली, तेव्हापासून विस्तारकार्याचा एक पाया मानला गेला आहे तो असा की, शेतकरी ऐकून जितके शिकतो त्याहून अधिक पाहून शिकतो आणि त्याहूनही अधिक स्वतः करून शिकतो. म्हणून आपण प्रात्यक्षिक प्लॉट घालतो. बहुतेक पिकांचे प्रात्यक्षिक जमिनीच्या वर असते. ज्वारीचे कणीस, कपाशीचे बोंड हे उभ्या पिकात सर्वांना दिसते. परंतु ग्लॅडिओलसची खरी हकीकत जमिनीच्या खाली घडते. दांडा कापून नेल्यावर शिवारफेरीला येणाऱ्या मंडळींना तेथे पाहण्याजोगे काही उरत नाही, आणि नेमके त्याच वेळी खाली नवा कंद पोसला जात असतो. शेत उपडे करून पाहता येत नाही, कुंडी येते. मुळे कोठवर गेली, कंद किती फुगला, कंदिका किती लागल्या, कूज कोठून सुरू झाली, हे सारे एका कुंडीतील माती अंगणात पोत्यावर ओतली म्हणजे घरातील लहान मुलासही दिसते.

दुसरी गोष्ट संख्येची. वर दिलेल्या प्रमाणाने एका गुंठ्यास १२५० ते १५०० कंद लागतात. तेवढेच कंद प्रत्येक कुटुंबास बारा या प्रमाणे वाटले, तर शंभर कुटुंबांना पुरतात. एका शेतकऱ्याच्या एका गुंठ्यावर एक प्रात्यक्षिक करण्याऐवजी तेवढ्याच कंदांत शंभर अंगणांत शंभर प्रात्यक्षिके होतील. त्यांतील काही फसतील, काही साधतील. आणि कोणाचे का फसले, कोणाचे का साधले, याची चर्चा गावात आपोआप होईल. ही चर्चा आमच्या व्याख्यानांहून अधिक मोलाची असते, असा माझा अनुभव आहे.

बारा कंद, चार कुंड्या

ज्यांना हा प्रयोग करावयाचा आहे त्यांच्यासाठी एक सोपी योजना येथे देतो. एकाच जातीचे बारा कंद आणावेत. त्यांतील नऊ चार ते पाच सेंटीमीटर व्यासाचे व तीन त्याच्या निम्म्या आकाराचे असावेत. दाबून पाहिल्यास कंद टणक लागला पाहिजे. त्यावर तपकिरी, खोलगट डाग असल्यास तो घेऊ नये. चपटा, पसरट कंद आणि उंच, गुबगुबीत कंद यांत दुसरा निवडावा. महात्मा फुले कृषी विद्यापीठाने फुले गणेश, फुले प्रेरणा यांसारख्या जाती प्रसारित केल्या आहेत. शक्यतो जातीचे नाव माहीत असलेलाच कंद घ्यावा. निनावी मिश्रण प्रयोगास निरुपयोगी ठरते.

कुंडी तीस सेंटीमीटर व्यासाची व जवळजवळ तेवढीच खोल असावी. मातीची नसेल तर जुना डबा किंवा बादलीही चालेल; मात्र तळास छिद्रे असलीच पाहिजेत व त्यांवर खापऱ्या ठेवल्या पाहिजेत. दोन भाग पोयट्याची माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत व एक भाग वाळू असे मिश्रण भरावे. नुसती काळी, चिकण माती वापरू नये. ती पाणी धरून ठेवते, आणि कंद तहानेपेक्षा पाण्यानेच अधिक मरतो. कच्च्या शेणखतानेही कूज वाढते.

प्रत्येक कुंडीत तीन कंद, एकमेकांपासून सुमारे दहा सेंटीमीटर अंतरावर, डोळा वर व बसकी बाजू खाली करून, सात ते आठ सेंटीमीटर खोल लावावेत. आधारासाठी बांबूची काडी लावणीच्या वेळीच रोवावी. पुढे दांडा वाकल्यावर घाईने काडी खुपसली, तर ती कित्येकदा नेमकी कंदातच शिरते. आपल्या हवामानात पावसाळ्याच्या आरंभी किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरात लावणी करता येते. नवशिक्याने सप्टेंबर-ऑक्टोबरचा काळ निवडावा, कारण थंडीत दांडा चांगला निघतो आणि पागोळ्यांखाली कुंडी भिजण्याचे भय राहत नाही.

कुंडी दिवसातून किमान सहा तास ऊन मिळेल अशा जागी ठेवावी. झाडास तीन ते सहा पाने असतात, त्या काळात आत दांडा घडत असतो. त्या वेळी ऊन कमी पडले किंवा पाण्याचा ताण बसला, तर दांडा आतल्या आत वाळतो व झाड वांझ राहते. ओटीवर शोभेसाठी ठेवलेल्या कुंडीत नुसती पाने का येतात, याचे बहुधा हेच कारण असते. दांडा उमलू लागल्यावर कुंडी हवी तर सावलीत आणावी.

आता चार कुंड्यांतील फरक असा ठेवावा. पहिल्या कुंडीत मोठे कंद लावावेत व दांडा कापताना झाडावर चार ते पाच पाने राखावीत. दुसऱ्या कुंडीतही मोठेच कंद लावावेत, परंतु दांडा पानांसकट बुडापासून कापावा. तिसऱ्या कुंडीत लहान कंद लावावेत. चौथ्या कुंडीत मोठे कंद लावून दांडा दिसू लागताच तो खुडून टाकावा, म्हणजे फूल येऊच देऊ नये. प्रत्येक कुंडीस क्रमांक द्यावा. लावणीची, उगवणीची, पहिले फूल उमलल्याची व काढणीची तारीख वहीत लिहावी. लावणीपूर्वी व काढणीनंतर कंद वाण्याच्या तराजूत तोलून त्यांचे वजन मांडावे. यापलीकडे कोणतेही शास्त्रीय साधन लागत नाही.

पाने राखण्याचे महत्त्व

या प्रयोगातून जे दिसेल त्यात दुसऱ्या कुंडीचा धडा सर्वांत महत्त्वाचा आहे. दांडा कापल्यानंतरचे सहा ते आठ आठवडे हा नवा कंद पोसण्याचा काळ होय, आणि त्यास पोसणारी पाने आहेत. व्यापाऱ्यास लांब दांडा हवा असतो. लांब दांड्यास दर बरा मिळतो. त्या मोहाने शेतकरी विळा बुडाशी घालतो, दोन-तीन पाने दांड्याबरोबर जातात, कधी सगळीच जातात. त्या दिवशी जुडीमागे चार पैसे अधिक मिळतात खरे, परंतु पुढील वर्षीचा कंद सुपारीएवढा राहतो. दुसऱ्या कुंडीतील कंद तराजूत घातला की शेतकऱ्यास हे पटविण्यासाठी वेगळे बोलावे लागत नाही.

फूल कापून झाल्यावर ‘आता त्यात काय उरले’ म्हणून पाणी तोडण्याची चूकही सर्रास होते. पाने हिरवी आहेत तोवर पाणी चालू ठेवावे. ती पिवळी पडू लागली म्हणजे हळूहळू कमी करावे. पाने वाळून तपकिरी होऊ लागली व कंदिकांचा रंग पालटू लागला, म्हणजे कंद काढणीस आला असे समजावे.

रोगाच्या बाबतीतही कुंडी उपयोगी पडते. पाने टोकाकडून अकाली पिवळी पडत असतील, तर कुंडी उपडी करून कंदाचा तळ पाहावा. तेथे तपकिरी, कोरडी कूज दिसल्यास तो कंद व ती माती दोन्ही दूर करावीत. तो कंद चांगल्या कंदांत मिसळू नये. पानांवर फिकट पट्टे किंवा फुलाच्या रंगात विस्कळीत ठिपके दिसल्यास विषाणूची शंका घ्यावी. असा रोग औषधाने जात नाही व कंदाबरोबर पुढील वर्षी येतो, म्हणून ते झाड कंदिकांसह नष्ट करावे. यांतील काही विषाणू घेवड्यावर व काकडीवर्गीय पिकांवरही असतात. त्यांच्या शेजारी ग्लॅडिओलस लावणे टाळावे. फुलकिडे पाने व कळ्या खरवडतात, आणि साठवणीतील कंदावरही राहतात. लावणीपूर्वी कंदास चालू शिफारशीप्रमाणे बुरशीनाशकाची प्रक्रिया करावी. कोणते औषध किती घ्यावे, हे प्रत्येक हंगामापूर्वी कृषी विद्यापीठाकडून किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्राकडून विचारून घ्यावे, कारण या शिफारशी बदलत असतात.

उन्हाळ्यातील सांभाळ

ऑक्टोबरात लावलेल्या कंदाची काढणी साधारणतः फेब्रुवारी-मार्चमध्ये होते आणि लगेच आपला कडक उन्हाळा सुरू होतो. या पिकाचे पुष्कळसे नुकसान याच काळात होते. काढलेला कंद दोन-तीन आठवडे सावलीत, हवेशीर जागी पसरून सुकवावा. मग खालची जुनी चकती हाताने मोडून काढावी. कंदिका वेगळ्या कराव्यात. कापलेले व डागी कंद बाजूस काढावेत. उरलेले कंद जाळीच्या पिशवीत किंवा पाटीत एक-दोन थरांत, जमिनीपासून उंच, थंड व काळोख्या जागी ठेवावेत. प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत ठेवलेला कंद घामेजून कुजतो, आणि पत्र्याखाली ठेवलेला वाळून कोळ होतो. पंधरवड्यातून एकदा सर्व कंद हाताखालून घालावेत.

नुकताच काढलेला कंद लगेच लावला तर उगवत नाही. त्यास दोन-तीन महिन्यांची विश्रांती लागते. हा त्याचा स्वभाव असून दोष नव्हे. व्यापारी प्रमाणावर कंद तीन ते पाच अंश सेल्सिअस तपमानाच्या शीतगृहात सुमारे तीन महिने ठेवतात. त्यामुळे विश्रांतीही पुरी होते व उन्हाळाही टळतो. दहा-वीस कंदांसाठी घरातील शीतकपाटाच्या भाजीच्या खणात कागदी पिशवी ठेवली तरी काम भागते. परंतु ज्यास एकर लावावयाचा आहे, त्याने आपल्या तालुक्यापासून शीतगृह किती दूर आहे व तेथे कंद ठेवून घेतात काय, हा प्रश्न लावणीपूर्वी विचारला पाहिजे. हा प्रश्न ज्याने कुंडीतील बारा कंद एक उन्हाळा सांभाळले आहेत त्यालाच सुचतो.

केशराच्या जाहिराती

हीच दृष्टी दुसऱ्या एका कंदाच्या बाबतीत फार उपयोगी पडेल, म्हणून त्याचा उल्लेख येथे करतो. केशर हे ग्लॅडिओलसच्याच कुळातील झाड असून तेही घनकंदापासूनच वाढते. त्यास बी धरत नाही. काश्मीरमध्ये पांपूरच्या पठारावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात त्याची फुले येतात, आणि एक किलो सुके केशर होण्यास सुमारे दीड लाख फुले लागतात. अलीकडे ‘घरातल्या खोलीत केशर पिकवा’ अशा जाहिराती शेतकऱ्यांपर्यंत पोहोचू लागल्या आहेत, व त्यांबरोबर कंदांची विक्रीही चालते.

केशराच्या कंदात फुलाची कळी उन्हाळ्यातच तयार होते. पुढे गारवा मिळाला की ती मातीवाचूनही उमलू शकते, कारण तिची शिदोरी कंदातच असते. म्हणून विकत आणलेल्या चांगल्या कंदास पहिल्या वर्षी फूल येणे हे काही आश्चर्य नव्हे. त्यानंतर पाने येतात आणि पुढील वर्षाचा कंद हिवाळा व वसंत यांच्या लांबलचक थंड काळात पोसला जातो. आपल्या मैदानी प्रदेशात थंडी लवकर ओसरते, पाने वेळेआधी वाळतात आणि नवा कंद लहान राहतो. लहान कंदास फूल येत नाही. ज्यास या मार्गाने जावयाचे असेल त्याने दहा कंद घ्यावेत, दोन वर्षे सांभाळावेत आणि दुसऱ्या वर्षी आपल्याच कंदास फूल आले तर पुढील खर्चाचा विचार करावा. पहिल्या वर्षीच्या फुलाचे छायाचित्र पाहून कर्ज काढू नये.

काही आक्षेप

कुंडीतील वाढ ही शेतातील वाढीचे खरे चित्र नव्हे, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. कुंडीतील माती लवकर तापते व लवकर सुकते. मुळांस जागा थोडी मिळते. दांडा काहीसा आखूड राहतो. उलट, शेतातील सूत्रकृमी, तण व पाणी साचणे या अडचणी कुंडीत कळत नाहीत. म्हणून कुंडीवरून एकरी उत्पन्नाचा अंदाज कोणी करू नये. माझा आग्रह कंद ओळखण्यापुरता, काढण्यापुरता व सांभाळण्यापुरता आहे, आणि तेवढे कुंडी निश्चित शिकविते. कुंडीनंतर दोन-तीन गुंठे व मग पुढे, हीच पायरी योग्य.

दोन हंगाम वाया जातील, असा दुसरा आक्षेप. परंतु या दोन हंगामांत कंदिकाही वाढत असतात. त्या कांद्याच्या बियाण्याप्रमाणे लहानशा वाफ्यात दाट पेरल्या, व पेरण्यापूर्वी एक दिवस पाण्यात भिजवून त्यांचे कठीण कवच मऊ केले, तर शेतात जाण्याच्या वेळी हाती काही स्वतःचे कंद असतात. वाट पाहण्याचा काळ अशा रीतीने भांडवल जमविण्याचा काळ होतो. हे काम महिलांच्या बचत गटांस विशेष सोयीचे आहे. त्यास जागा थोडी लागते, नजर मात्र रोजची लागते.

तिसरा आक्षेप बाजाराचा, आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. ग्लॅडिओलस हाराचे फूल नव्हे. न खपलेला झेंडू उद्या स्वस्तात का होईना, हारात जातो. न खपलेल्या दांड्यास दुसरी वाट नाही. त्याचा खप पुष्पगुच्छ, सभा-समारंभ व लग्नसराई यांवर अवलंबून असतो, आणि तो मुख्यतः मोठ्या शहरांत आहे. पुण्याच्या गुलटेकडीस किंवा मुंबईस दादरला माल नेईपर्यंत दांडे उभे ठेवावे लागतात, नाहीतर त्यांची टोके वाकतात. खालच्या एक-दोन कळ्यांनी रंग दाखविताच दांडा कापावा लागतो. उमललेला दांडा प्रवासात टिकत नाही. पाण्यात फ्लोराइड असल्यास कापलेल्या दांड्याच्या कळ्या नीट उमलत नाहीत, पाकळ्यांच्या कडा करपतात. यवतमाळ, चंद्रपूर अशा जिल्ह्यांत ज्या गावांच्या भूजलात फ्लोराइड आहे, तेथे हे विशेष पाहावे. चार दांडे घरच्या पाण्यात ठेवून किती कळ्या उमलतात हे मोजणे, हीदेखील कुंडीवाल्याने करावयाची एक परीक्षा होय. तात्पर्य, बाजाराची अडचण घाईने लागवड करण्याच्या विरुद्धच बोलते.

ग्रामपातळीवरील सहकाऱ्यांस

गावात काम करणाऱ्या आपल्या सहकाऱ्यांना माझी विनंती आहे की, या हंगामात प्रत्येकाने आपल्या कार्यालयाच्या किंवा शाळेच्या आवारात चार कुंड्या ठेवाव्यात, आणि ज्या शेतकऱ्यास ग्लॅडिओलस लावावयाचा आहे त्यास प्रथम त्या दाखवाव्यात. फूल उमलल्यावर दाखविण्याची घाई करू नये; ते तो आपण होऊन पाहील. फेब्रुवारीत कुंड्या उपड्या कराल त्या दिवशी मात्र गावास अवश्य बोलवावे, तराजू समोर ठेवावा आणि चारही कुंड्यांतील कंद शेतकऱ्यांच्याच हातांनी तोलवावेत. ज्याने ते वजन आपल्या हाताने पाहिले, तो कितीही दर आला तरी विळा बुडाशी घालणार नाही.

आणि शेतकऱ्यास एवढेच सांगणे की, कोणी नवा कंद घेऊन दारी आले, तर त्यास दोन प्रश्न विचारावेत. हा कंद उन्हाळ्यात कोठे ठेवावयाचा? आणि दुसऱ्या वर्षी याच कंदापासून आलेले फूल आपण कोठे पाहिले आहे? समाधानकारक उत्तर मिळाले तरीसुद्धा प्रथम बाराच कंद घ्यावेत.